वारंवारतेपासून लांबीपर्यंत: एका एकक-रूपांतरकाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५ : व्याप्ती

काम असे आहे. वारंवारता कोणत्याही रूपात द्यायची (हर्ट्झ, इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ईव्ही, तरंगसंख्या, केल्विन किंवा हार्ट्री हे अणुभौतिकीतले ऊर्जेचे एकक) आणि तिच्याशी जोडलेली क्वांटम लांबी मिळवायची. पायथनमधले छोटे मॉड्यूल, बाहेरच्या लायब्रऱ्या शक्यतो नाहीत.

कोडला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करणे भाग आहे, कारण तयार तक्ते नेमके इथेच फसवतात. २५.३ मिली-ईव्ही ही ऊर्जा घ्या. वारंवारता ६.१२ टेराहर्ट्झ, तरंगसंख्या २०४ सेंमी^-१, तापमान २९३.६ केल्विन. इथवर वाद नाही, चारही आकडे एकाच गोष्टीची चार रूपे आहेत. आता लांबी किती? फोटॉन असेल तर ४९ मायक्रोमीटर. न्यूट्रॉन असेल तर १.८० अँगस्ट्रॉम. जवळजवळ पावणेतीन लाख पट फरक, आणि दोन्ही उत्तरे बरोबर. एक अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी आहे, दुसरी स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराच्या जवळची आहे. म्हणूनच औष्णिक न्यूट्रॉन स्फटिकरचना दाखवतात आणि त्याच ऊर्जेचा प्रकाश दाखवत नाही.

यावरून मॉड्यूलचे दोन स्पष्ट टप्पे ठरले. पहिला टप्पा ऊर्जेच्या सगळ्या एककांना हर्ट्झवर आणतो. त्याला फक्त स्थिरांक लागतात. दुसरा हर्ट्झवरून लांबीवर जातो. त्याला दुवा लागतो. प्रकाशवेग, कणाचे वस्तुमान, तापमान, चुंबकीय क्षेत्र, यांपैकी काहीतरी. दुसऱ्या टप्प्यातल्या फंक्शनला आपोआप गृहीत धरला जाणारा दुवा ठेवायचा नाही. दुवा न सांगता लांबी मागितली तर त्रुटी यावी, आकडा येऊ नये. आणि उत्तरासोबत दुव्याचे नाव कायम चिकटलेले असावे.

९ जानेवारी : स्थिरांक

प्रकाशवेग १९८३ पासून नेमका २९९७९२४५८ मीटर प्रति सेकंद आहे. २० मे २०१९ पासून प्लँक स्थिरांक (एच, ६.६२६०७०१५ × १०^-३४ जूल-सेकंद), मूलभूत विद्युतभार (१.६०२१७६६३४ × १०^-१९ कूलोम) आणि बोल्ट्झमन स्थिरांक (१.३८०६४९ × १०^-२३ जूल प्रति केल्विन) हेही व्याख्येनेच ठरलेले आहेत. त्यामुळे पहिल्या टप्प्यातले, हार्ट्री सोडून, सगळे गुणक अनिश्चिततेविना मिळतात:

१ ईव्ही = २.४१७९८९२४२ × १०^१४ हर्ट्झ
१ ईव्ही = ८०६५.५४३९३७ सेंमी^-१
१ ईव्ही = ११६०४.५१८१२ केल्विन
१ सेंमी^-१ = २९.९७९२४५८ गिगाहर्ट्झ (नेमके)
१ केल्विन = २०.८३६६१९१२ गिगाहर्ट्झ
एच गुणिले प्रकाशवेग = १२३९.८४१९८४ ईव्ही-नॅनोमीटर
एच-बार (एच ÷ २π) गुणिले प्रकाशवेग = १९७.३२६९८०४ ईव्ही-नॅनोमीटर

वरचे आकडे वाचण्यासाठी आहेत, कोडमध्ये टाइप करण्यासाठी नाहीत. कोडमध्ये फक्त चार व्याख्यांचे आकडे. बाकी सगळे त्यांच्यातून गणले जाते. जाण्याचा आणि येण्याचा गुणक वेगवेगळा हाताने लिहिला, दोन्ही सात अंकी, तर त्यांचा गुणाकार १ येत नाही. एककांच्या साखळीतून चार-पाचदा फिरवले की आठव्या अंकात घसरण दिसू लागते. एकच गुणक ठेवायचा, उलटा मार्ग भागाकाराने.

हार्ट्री मात्र मोजलेली राशी आहे: २७.२११३८६ ईव्ही, म्हणजे ६.५७९६८४ × १०^१५ हर्ट्झ. बोर त्रिज्या (हायड्रोजन अणूच्या आकाराचे माप), कॉम्प्टन तरंगलांबी (एच ÷ (वस्तुमान × प्रकाशवेग)), इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या, याही मोजलेल्याच. म्हणून स्थिरांकांच्या संचाला आवृत्तीचे नाव हवे. हा केवळ शिस्तीचा मुद्दा नाही. कोडाटाच्या (स्थिरांकांची शिफारस केलेली मूल्ये जाहीर करणारी आंतरराष्ट्रीय समिती) २०१८ आणि २०२२ च्या संचांत बोर त्रिज्या अशी आहे:

२०१८: ५.२९१७७२१०९०३ × १०^-११ मीटर, शेवटच्या अंकांत अनिश्चितता ८०
२०२२: ५.२९१७७२१०५४४ × १०^-११ मीटर, शेवटच्या अंकांत अनिश्चितता ८२

फरक ३५९. म्हणजे स्वतःच सांगितलेल्या अनिश्चिततेच्या साडेचार पट. सूक्ष्मरचना स्थिरांक (अल्फा) तेवढाच हलला, आणि बोर त्रिज्या अल्फाच्या पहिल्या घाताने चालते: अल्फा ÷ (४ × पाय × रिडबर्ग स्थिरांक). इथे आणि पुढे पाय म्हणजे π; रिडबर्ग स्थिरांक म्हणजे हायड्रोजनच्या वर्णरेषांच्या सूत्रातला स्थिरांक. रिडबर्ग स्थिरांक त्या मानाने जागचा हललेलाच नाही. आता मजा अशी की कॉम्प्टन तरंगलांबी अल्फाच्या दुसऱ्या घाताने चालते आणि अभिजात त्रिज्या तिसऱ्या. दोन संच शेजारी ठेवून सापेक्ष बदल काढला तर बोर त्रिज्येत सुमारे ६.८ × १०^-१०, कॉम्प्टनमध्ये १.३६ × १०^-९, अभिजात त्रिज्येत २.०२ × १०^-९. एकास दोनास तीन. संच भरताना एखादा आकडा चुकीच्या आवृत्तीतून आला की हे गुणोत्तर लगेच बिघडते. यापेक्षा स्वस्त तपासणी नाही, म्हणून ती टेस्टमध्ये कायमची टाकली.

सायपाय या पायथनच्या वैज्ञानिक लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळा कोडाटा संच असतो. दोन यंत्रांवर दहाव्या अंकात उत्तर वेगळे आले तर आधी तिथे बघावे.

१५ जानेवारी : २×पाय कुठे लपतो

या विषयातल्या बहुतेक चुका शेवटी एकाच गुणकापाशी येतात. साधी वारंवारता सेकंदाला किती फेरे ते सांगते, कोनीय वारंवारता सेकंदाला किती रेडियन ते. दोघांचे एकक पायाभूत एककांत मांडले की ‘प्रति सेकंद’ एवढेच उरते, कारण रेडियन मितीहीन. त्यामुळे मितींची तपासणी करणारी लायब्ररी इथे मदत करत नाही, उलट गाफील ठेवते. पायथनच्या पिंट लायब्ररीत ६० आरपीएम हर्ट्झमध्ये बदलले तर १ येत नाही, ६.२८ येते. लायब्ररी स्वतःच्या नियमाला धरून वागते, पण वापरणाऱ्याला १ अपेक्षित असतो.

निर्णय: मॉड्यूलमध्ये दोन वेगळे प्रकार. ‘वारंवारता’ हर्ट्झमध्ये, ‘कोनीय वारंवारता’ रेडियन प्रति सेकंदात. एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. बदलायचे तर नाव घेऊन बदलावे लागेल. कोनीय वारंवारतेला हर्ट्झ हे एकक लावताच येणार नाही.

रुबिडियम-८७ ची डी-२ ही वर्णरेषा हे नेहमीचे उदाहरण. उत्तेजित पातळीचे आयुर्मान २६.२ नॅनोसेकंद. त्याचा व्यस्तांक ३.८१ × १०^७ प्रति सेकंद. रेषारुंदी ६.०७ मेगाहर्ट्झ. शोधनिबंधांत हे ‘२×पाय × ६.०७ मेगाहर्ट्झ’ असे छापतात, आणि ती पद्धत चांगली आहे, कारण २×पाय उघडपणे बाहेर दिसतो. कोणी तो गुणाकार करून ‘३८.१ मेगाहर्ट्झ’ लिहिले की पुढचा वाचणारा ती रेषारुंदी समजतो. इनपुट वाचणाऱ्या भागात ‘२×पाय ×’ हा उपसर्ग ओळखण्याची सोय केली; तो दिसला की राशी कोनीय प्रकारात जाते.

तरंगसंख्येचेही तेच. वर्णपटशास्त्रात ती एक भागिले तरंगलांबी, घनपदार्थ भौतिकीत २×पाय भागिले तरंगलांबी. दोन्हीकडे एकक सेंमी^-१. आधीचे २०४ सेंमी^-१ दुसऱ्या व्याख्येने १२८२ सेंमी^-१ होतात. एककावरून हे ओळखणे अशक्य, म्हणून नावच वेगळे: ‘तरंगसंख्या’ आणि ‘कोनीय तरंगसंख्या’.

लांब्यांकडे पाहिले तर संकेत बराच सुसंगत आहे. ज्या लांबीकडे लाट म्हणून पाहतात (कॉम्प्टन, किंवा गतिमान कणाची द ब्रॉग्ली) तिच्या सूत्रात एच असतो. ज्या लांबीकडे आकारमान म्हणून पाहतात (बोर त्रिज्या, दोलक लांबी, चुंबकीय लांबी, प्लँक लांबी) तिच्यात एच-बार. तापमानावरून ठरणारी औष्णिक तरंगलांबी मधली: वर एच, खाली वर्गमुळात २×पाय. इलेक्ट्रॉनची कॉम्प्टन तरंगलांबी २.४२६ पिकोमीटर, तिचेच एच-बारवाले रूप ०.३८६२ पिकोमीटर. मॉड्यूलमध्ये दोन्हींना पूर्ण नाव. नुसते ‘कॉम्प्टन लांबी’ म्हटले तर स्वीकारायचे नाही.

२१ जानेवारी : प्रकाशाचा दुवा

सर्वात सोपा दुवा, तरी दोन अडचणी आहेत.

पहिली हवा. हीलियम-निऑन लेसरचा ६३२.८ नॅनोमीटर हा सगळ्यांच्या ओळखीचा आकडा. हवेतली तरंगलांबी ६३२.८१६ नॅनोमीटर आहे. आयोडिनच्या वर्णरेषेला बांधून स्थिर केलेल्या लेसरची निर्वातातली ६३२.९९१२१ नॅनोमीटर, वारंवारता ४७३.६१२३५३६ टेराहर्ट्झ. हवेतल्या आकड्यानेच प्रकाशवेगाला भागले तर ४७३.७४३ टेराहर्ट्झ येतात. चूक १३१ गिगाहर्ट्झ. टक्क्यांत बघितले तर ०.०२८, नजरेआड करण्याजोगी. पण रुबिडियमच्या त्या रेषारुंदीशी तुलना केली तर वीस हजार पटींहून मोठी. वर्णरेषांच्या तक्त्यांत साधारणपणे २०० ते २००० नॅनोमीटरमधल्या तरंगलांब्या हवेतल्या असतात आणि त्याबाहेरच्या निर्वातातल्या. म्हणून तरंगलांबी इनपुट असेल तेव्हा ‘माध्यम’ हा घटक सक्तीचा. वारंवारता इनपुट असेल तर निर्वातातली लांबी द्यायची आणि तसे लिहायचे.

दुसरी अडचण रुंदीची. रेषेची जागा एक भागिले सूत्राने बदलते, पण रुंदी तशी बदलत नाही. वारंवारतेतली रुंदी = प्रकाशवेग × तरंगलांबीतली रुंदी ÷ तरंगलांबीचा वर्ग. ०.१ नॅनोमीटर म्हणजे १५५० नॅनोमीटरला १२.५ गिगाहर्ट्झ, आणि ५०० नॅनोमीटरला १२० गिगाहर्ट्झ. ०.१ नॅनोमीटर हीच तरंगलांबी समजून सरळ रूपांतर केले तर ३ × १०^१८ हर्ट्झ, म्हणजे क्ष-किरण. अशी चूक निदान लपत नाही.

घनतेची (प्रति-नॅनोमीटर किंवा प्रति-हर्ट्झ तीव्रतेची) चूक लपते. ५७७२ केल्विनच्या कृष्णवस्तूचे शिखर प्रति-नॅनोमीटर आलेखात ५०२ नॅनोमीटरला येते. प्रति-हर्ट्झ आलेखात ते ३३९.३ टेराहर्ट्झला येते, आणि ही वारंवारता लांबीत बदलली तर ८८३ नॅनोमीटर. दोन्ही शिखरे खरी आहेत; आलेखाच्या आडव्या अक्षाचा तुकडा बदलला की त्यावरची उंची बदलते. घनता बदलताना तरंगलांबीचा वर्ग भागिले प्रकाशवेग हा गुणक लावावा लागतो. रूपांतरक फक्त बिंदू घेईल. रुंदी आणि घनता यांना स्वतंत्र फंक्शन.

२८ जानेवारी : वस्तुमानाचा दुवा, दोलक लांबी

प्रकल्पाचा गाभा हाच. सापळ्यातला अणू, आयन, रेणूचे कंपन, चुंबकीय क्षेत्रातला इलेक्ट्रॉन, सगळीकडे एक वारंवारता आणि एक वस्तुमान मिळून लांबी ठरवतात:

दोलक लांबी = √(एच-बार ÷ (वस्तुमान × कोनीय वारंवारता))

इथे लांबी वारंवारतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात आहे. वारंवारता चौपट केली की लांबी निम्मी. प्रकाशाच्या सवयीने चौथाई गृहीत धरली जाते, तिथे गाडी घसरते.

रुबिडियम-८७, सापळ्याची वारंवारता १०० हर्ट्झ: १.०७८ मायक्रोमीटर. १०० हाच आकडा कोनीय वारंवारता म्हणून घातला तर २.७०३ मायक्रोमीटर. गुणोत्तर २.५०७, म्हणजे √(२×पाय). उत्तरात अडीचच्या आसपासचा फरक दिसला की कारण बहुधा हेच. ६.२८ शोधत बसणाऱ्याला ते सापडत नाही, कारण वर्गमुळाने गुणकाचा चेहरा बदललेला असतो.

व्याख्येचा दुसरा घोळ √२ चा. मूळ पातळीतल्या कणाच्या जागेचा मानक विचलनाचा आकडा = √(एच-बार ÷ (२ × वस्तुमान × कोनीय वारंवारता)). कॅल्शियम-४० आयन, १ मेगाहर्ट्झ: दोलक लांबी १५.९ नॅनोमीटर, मानक विचलन ११.२ नॅनोमीटर. ७२९ नॅनोमीटरचा लेसर सापळ्याच्या अक्षावरून सोडला तर लॅम्ब-डिकी अंक (२×पाय × विचलन ÷ तरंगलांबी) मानक विचलनावरून ०.०९७ येतो, आणि तो तसाच काढायचा असतो. दोलक लांबी वापरली तर ०.१३७. बाजूपट्टीची राबी वारंवारता (सापळ्यातल्या कंपनासकट होणाऱ्या संक्रमणाचा वेग) या अंकाच्या प्रमाणात असते, त्यामुळे स्पंदाची लांबी थेट √२ ने चुकते. म्हणून मॉड्यूलमध्ये ‘दोलक लांबी’ आणि ‘शून्यबिंदू विचलन’ हे दोन दुवे वेगळे.

रेणूंसाठी एककांची सोय: वस्तुमान अणुभार एककात आणि तरंगसंख्या सेंमी^-१ मध्ये असेल तर

शून्यबिंदू विचलन (अँगस्ट्रॉम) = √(१६.८५८ ÷ (वस्तुमान × तरंगसंख्या))

कार्बन मोनॉक्साइड (कार्बन-१२, ऑक्सिजन-१६): क्षपित वस्तुमान (दोन अणुभारांचा गुणाकार ÷ बेरीज) ६.८५६, तरंगसंख्या २१६९.८. उत्तर ०.०३३७ अँगस्ट्रॉम, म्हणजे ३.३७ पिकोमीटर. बंधाची लांबी ११२.८ पिकोमीटर, तेव्हा शून्यबिंदूची थरथर बंधाच्या ३ टक्के. हायड्रोजन रेणूला (०.५०३९ आणि ४४०१) हेच ८.७ पिकोमीटर येते. हलका रेणू किती पसरतो ते इथे कळते.

इथल्या दोन चुका लक्षात ठेवण्याजोग्या. क्षपित वस्तुमानाऐवजी रेणूचे पूर्ण वस्तुमान (२८) घातले तर लांबी जवळजवळ निम्मी होते. आणि अवरक्त वर्णपटातून थेट वाचलेले २१४३ सेंमी^-१ हे हार्मोनिक मूल्य नसते, त्यात विसंवादिता (खऱ्या कंपनाचे आदर्श दोलकापासूनचे विचलन) मिसळलेली असते. तो आकडा घातला तर लांबी ०.६ टक्के जास्त येते. पहिली चूक मॉड्यूल पकडू शकते, म्हणून द्विअणू रेणूसाठी दोन अणुभार मागायचे आणि क्षपित वस्तुमान आतच काढायचे. दुसरी पकडता येत नाही. दस्तऐवजात ठळक लिहायची.

२९ जानेवारी : चुंबकीय लांबी

सायक्लोट्रॉन वारंवारता (चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण ज्या वारंवारतेने फिरतो ती) दोलकाच्या सूत्रात घातली की वस्तुमान कटते आणि √(एच-बार ÷ (विद्युतभार × क्षेत्र)) उरते. १ टेस्लाला २५.६६ नॅनोमीटर, १० टेस्लाला ८.११. ही फुकटची टेस्ट आहे. मोकळा इलेक्ट्रॉन, १० टेस्ला: २७९.९ गिगाहर्ट्झ. गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन, परिणामी वस्तुमान (स्फटिकात इलेक्ट्रॉन ज्या वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो ते) ०.०६७ पट: ४.१८ टेराहर्ट्झ. दोन्ही जोड्यांतून ८.११ नॅनोमीटरच यायला हवे, आणि येते. ४.१८ टेराहर्ट्झबरोबर मोकळ्या इलेक्ट्रॉनचे वस्तुमान गेले तर २.१० नॅनोमीटर. घनपदार्थासाठी परिणामी वस्तुमान सक्तीचे केले.

३ फेब्रुवारी : ३२ बिटांत शून्य आणि अनंत

ग्राफिक्स कार्डावर मोठ्या सरण्या (अ‍ॅरे) चालवायच्या तर ३२ बिटी दशांश अंक वापरण्याचा मोह होतो. औष्णिक तरंगलांबीचे सूत्र एसआय एककांत तसेच चालवले तर उत्तर अनंत येते. कारण उघड आहे. रुबिडियमचे वस्तुमान १.४४ × १०^-२५ किलोग्रॅम, बोल्ट्झमन स्थिरांक १.३८ × १०^-२३. गुणाकार १०^-४८ च्या घरात. ३२ बिटांत सर्वात लहान धन संख्या १.४ × १०^-४५. गुणाकार शून्य, आणि शून्याने भागाकार. एच-बारचा वर्ग (१०^-६८) कुठेही आला की तेच. क्रम बदलून, आधी भागाकार मग गुणाकार असे करून, तात्पुरते निभते. पण पुढच्या माणसाने सूत्र जरा नीटनेटके लिहिले की परत मोडते.

खरा उपाय म्हणजे एसआय सोडणे. सगळे ईव्ही आणि नॅनोमीटरमध्ये, वस्तुमानाच्या जागी वस्तुमान-ऊर्जा:

दोलक लांबी = १९७.३२७ ÷ √(वस्तुमान-ऊर्जा × एच × वारंवारता)
औष्णिक तरंगलांबी = १२३९.८४ ÷ √(२×पाय × वस्तुमान-ऊर्जा × औष्णिक ऊर्जा)

रुबिडियम-८७ ची वस्तुमान-ऊर्जा ८.०९५५ × १०^१० ईव्ही. १०० हर्ट्झची ऊर्जा ४.१३५७ × १०^-१३ ईव्ही. गुणाकार ०.०३३४८, वर्गमूळ ०.१८२९८, लांबी १०७८.४ नॅनोमीटर. घातांक एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला प्रत्येक आकडा हाताने तपासता येईल असा राहतो. ३२ बिटांतही सहा अंक टिकतात. हे रूप कागदावरच्या गणितालाही सोयीचे आहे. एवढे दोन आकडे पाठ असले की तक्ता उघडावा लागत नाही.

वारंवारता मात्र ३२ बिटांत ठेवायचीच नाही. २.४७ × १०^१५ हर्ट्झच्या आसपास ३२ बिटी दोन शेजारच्या संख्यांमधले अंतर २६८ मेगाहर्ट्झ आहे. ६४ बिटांत अर्धा हर्ट्झ.

१० फेब्रुवारी : द ब्रॉग्ली, सापेक्षतेसह

एकच सूत्र सगळ्यांना पुरते:

तरंगलांबी = १२३९.८४ ÷ √(गतिज ऊर्जा × (गतिज ऊर्जा + २ × वस्तुमान-ऊर्जा))

वस्तुमान शून्य ठेवले की प्रकाशाचा दुवा मिळतो, मंद कणाला वर्गमुळाचा. १०० किलो-ईव्ही इलेक्ट्रॉनला ३.७०१ पिकोमीटर; अभिजात सूत्राने ३.८७८. ३०० किलो-ईव्हीला १.९६९, अभिजात २.२३९, जवळपास १४ टक्क्यांचा फरक. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या ऊर्जांना अभिजात सूत्र चालत नाही. डेव्हिसन आणि जर्मर यांच्या १९२७ च्या प्रयोगातल्या ५४ व्होल्टला मात्र दोन्हींत सारखेच १.६७ अँगस्ट्रॉम. अभिजात सूत्र वेगळे ठेवण्याचे कारणच उरत नाही, काढून टाकले.

इनपुटची वारंवारता इथे गतिज ऊर्जेची आहे, एकूण ऊर्जेची नाही. एकूण घेतली तर औष्णिक न्यूट्रॉनची वारंवारता २.२७ × १०^२३ हर्ट्झ होते आणि ६ टेराहर्ट्झचा खरा भाग बाराव्या अंकात बुडतो. फंक्शनच्या नावातच ‘गतिज’ घातले.

१७ फेब्रुवारी : औष्णिक तरंगलांबीच्या व्याख्या

पुस्तकांत दोन आकडे सापडतात: √(२×पाय × वस्तुमान × औष्णिक ऊर्जा) ने भागणारा आणि √(३ × वस्तुमान × औष्णिक ऊर्जा) ने भागणारा. दुसरा सरासरी वर्गवेगाच्या कणाची द ब्रॉग्ली तरंगलांबी आहे. १०० नॅनोकेल्विनला रुबिडियमसाठी ५९२ आणि ८५७ नॅनोमीटर. अंदाजापुरते कोणतेही चालेल, पण बोस-आइन्स्टाइन संघननाची (अतिथंड अणू एकाच अवस्थेत गोळा होण्याची) अट, घनता × लांबीचा घन = २.६१२, पहिल्याच व्याख्येने लिहिलेली आहे. तिने घनता १.२६ × १०^१३ प्रति घन सेंमी येते. दुसऱ्या व्याख्येने ती तिप्पट कमी निघते, कारण १.४४७ चा घन ३.०३. फक्त पहिली व्याख्या ‘औष्णिक तरंगलांबी’ या नावाने राहील.

२४ फेब्रुवारी : प्लँक लांबी

एच-बार, गुरुत्व स्थिरांक आणि प्रकाशवेग यांतून बनणारी लांबी: १.६१६२५५ × १०^-३५ मीटर, आणि छापताना सातच अंक. गुरुत्व स्थिरांकाची सापेक्ष अनिश्चितता २.२ × १०^-५ आहे, वर्गमुळाने ती निम्मी होते. पुढचे अंक निरर्थक. प्लँक काळाचा व्यस्तांक १.८५५ × १०^४३ प्रति सेकंद, तो कोनीय प्रकारात. साधी वारंवारता समजून एचने गुणले तर ऊर्जा प्लँक ऊर्जेच्या ६.२८ पट होते.

३ मार्च : टेस्ट

जाऊन-परत येण्याची टेस्ट पुरत नाही. गुणक चुकीचा असला तरी जाताना गुणून येताना भागला की मूळ आकडा परत मिळतो. बाहेरचे, मोजलेले आकडे हवेत.

हायड्रोजनची अतिसूक्ष्म रेषा: १४२०.४०५७५२ मेगाहर्ट्झ, २१.१०६ सेंमी, ५.८७४ मायक्रो-ईव्ही, ०.०६८१७ केल्विन. प्रकाशाचा दुवा आणि तीन एकके एका फटक्यात तपासली जातात.

हायड्रोजनचे १एस ते २एस (सर्वात खालच्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर) संक्रमण: २ ४६६ ०६१ ४१३ १८७ ०३५ हर्ट्झ, अनिश्चितता १० हर्ट्झ (जर्मनीतल्या गार्किंगची मोजणी, २०११). एककांच्या टेस्टसाठी हा आकडा उत्तम. सूत्राच्या टेस्टसाठी सहनसीमा विचार करून ठरवावी लागते. रिडबर्ग वारंवारतेचे (रिडबर्ग स्थिरांक × प्रकाशवेग) तीन-चतुर्थांश घेतले तर उत्तर १.३२ टेराहर्ट्झने जास्त. प्रोटॉन अनंत जड नाही, म्हणून क्षपित वस्तुमानाचा गुणक (१८३६.१५ ÷ १८३७.१५) लावला की फरक उलट दिशेला २३ गिगाहर्ट्झ उरतो. हा फरक कोडचा दोष नाही. सापेक्षतेची दुरुस्ती, अल्फाच्या वर्गाच्या ११/६४ पट रिडबर्ग वारंवारता, +३०.१ गिगाहर्ट्झ देते. दोन्ही पातळ्यांच्या लॅम्ब सरकीतला (क्वांटम परिणामांनी पातळी किंचित हलते त्यातला) फरक त्यातून सुमारे ७.१ वजा करतो. बेरीज २३. तेव्हा साध्या सूत्राच्या टेस्टला १०^-५ ची सहनसीमा. त्याहून घट्ट ठेवली तर बरोबर कोड नापास होईल. १०^-३ इतकी सैल ठेवली तर क्षपित वस्तुमान विसरलेला कोड पास होईल.

घातांकाची टेस्ट: प्रत्येक दुव्याला वारंवारता चौपट करून लांबीचे गुणोत्तर बघायचे. प्रकाश १/४, दोलक १/२, मंद कणाची द ब्रॉग्ली १/२. ३०० किलो-ईव्ही इलेक्ट्रॉनला हे गुणोत्तर १/४ आणि १/२ यांच्या मध्ये पडायला हवे, आणि पडते.

१० मार्च : छापण्याची पद्धत

उत्तराची ओळ अशी ठरली:

१०० हर्ट्झ → १.०७८ मायक्रोमीटर | दुवा: दोलक लांबी | कण: रुबिडियम-८७ | प्रकार: साधी वारंवारता | संच: कोडाटा २०२२

अंक इनपुटइतकेच, मोजलेला स्थिरांक त्याहून कमी अंक देत असेल तर तेवढेच. ‘१००’ मधले सार्थ अंक ओळखता येत नाहीत, म्हणून अशा वेळी चार छापायचे आणि हवे तर वापरणाऱ्याने आकडा सांगायचा.

बाकी राहिलेले: हवेचा अपवर्तनांक सध्या एकाच तापमानाला आणि दाबाला गृहीत आहे. दाब, तापमान आणि आर्द्रता घेणारे सूत्र पुढच्या आवृत्तीत. तोवर ‘माध्यम: हवा’ निवडले तर उत्तर सहा अंकांवर तोडले जाईल.